पाच पिनांपैकी कुठल्या दोन? सिक्वेन्सर आणि ड्रम मशीन जुळवतानाचा माझा अनुभव

आधी एक गोष्ट सांगून टाकते, म्हणजे कुणाचे तरी तीन आठवडे वाचतील. जपानच्या रोलँड कंपनीच्या जुन्या ड्रम मशीनच्या, म्हणजे ठेका वाजवणाऱ्या यंत्राच्या, मागे पाच पिनांचं जे गोल सॉकेट असतं, ते मिडीचं (इलेक्ट्रॉनिक वाद्यं एकमेकांना जोडायची पद्धत) नाही. मिडीची केबल त्यात अगदी घट्ट बसते, तरीही नाही.

माझ्याकडचं मशीन म्हणजे टीआर-६०६, १९८१ सालचं मॉडेल. मामा ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचा, त्याने ते त्या काळात दुबईहून आणलं होतं. गेल्या वर्षी त्याने ते मला दिलं. सिक्वेन्सरवर (भरून ठेवलेले सूर आपोआप वाजवणारं यंत्र) बेस आणि सूर, ६०६ वर ठेका, असं वाजवायचं माझ्या मनात होतं. सुरुवातीला दोन्ही यंत्रांची सुरू करायची बटणं एकदम दाबून पाहिली. ६०६ चा टेम्पो कानाने कितीही जुळवला तरी आठ-दहा आवर्तनांत किक (ड्रमचा जाड ठोका) आणि बेस एकमेकांना सोडून जायचे. ते ऐकवत नाही.

मिडी आलं १९८३ मध्ये, म्हणजे ६०६ नंतर. त्याआधी रोलँडची यंत्रं डिन सिंकने, म्हणजे केबलमधून लयीचे ठोके पाठवून, जोडली जायची, आणि ती पद्धत समजायला सोपी आहे. तीन नंबरच्या पिनेवर पाच व्होल्टचे ठोके येतात, एका मात्रेला चोवीस. १२० चा टेम्पो असेल तर सेकंदाला अठ्ठेचाळीस. एक नंबरच्या पिनेवर व्होल्टेज आलं की मशीन सुरू, गेलं की बंद. दोन नंबर अर्थ. मिडीमध्ये मात्र चार आणि पाच नंबरच्या पिना कामाच्या, आणि त्यांवरून ठोके नाही, डेटा जातो. म्हणून मध्ये मिडीचे डिन सिंक करून देणारा एक कन्व्हर्टर लागतो. मी तो बाहेरून मागवला. आला.

जोडला. सिक्वेन्सर सुरू केला. कन्व्हर्टरचा दिवा मात्रेवर लुकलुकायला लागला आणि ६०६ ढिम्म.

पुढचे तीन आठवडे मी याच ठिकाणी अडकले होते. सिक्वेन्सरमध्ये क्लॉक (लयीचे ठोके) पाठवण्याची सेटिंग बंद असते कधी कधी, ती तपासली. चालू होती, नाहीतर दिवाच लुकलुकला नसता. ६०६ च्या मागे सिंक सॉकेटशेजारी इन आणि आउटचा छोटा स्विच आहे, तो दहा वेळा इकडून तिकडे केला. (तो इनवर आहे की नाही हे कळायची सोपी खूण म्हणजे मशीनवरच्या टेम्पोच्या बटणाचा काही परिणाम होत नाही.) कन्व्हर्टरच खराब आलाय असं वाटून विक्रेत्याला पत्र लिहिलं. आउटवर टाकलं की ६०६ एकटं मस्त वाजायचं, म्हणजे मशीन जिवंत होतं.

मग मी ते दुरुस्तीला नेलं, आणि त्याचा मला अजून राग येतो. त्या माणसाने पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, सिंकचा आयसी गेलाय. आता पार्ट मिळत नाही. ठेवून जा, बघतो." मी विचारलं, केबलमध्ये काही असेल का? "केबल नवीन आहे ना? पाच पिना म्हणजे पाच पिना." आठवडाभर मशीन त्याच्याकडे पडून होतं. परत आणलं तेव्हा आतले सेल काढलेले होते. ६०६ ची मेमरी त्या सेलवरच टिकते. दोन महिने बसून बसवलेले माझे सगळे पॅटर्न (मशीनमध्ये भरलेले ठेके) पुसले गेले होते. जुनं मशीन कुणाच्या हातात द्याल तर पॅटर्न आधी कागदावर उतरवून ठेवा. सोळा चौकोन आखायचे आणि खुणा करायच्या, एवढंच.

त्या रात्री मामाला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "अगं, वायर बीप करून बघितलीस का?" तीस वर्षं स्टेजवर काढलेला माणूस. कार्यक्रमात आवाज गेला की तो आधी वायर बदलायचा, मग बाकीचं बघायचा. मी म्हटलं नवीन आहे. म्हणाला, "नवीन असली म्हणून काय झालं? बघ तरी."

मल्टिमीटर घेतला. तार सलग जोडलेली असली की तो बीप करतो. पहिल्यांदा माझं मोजणंच चुकलं, कारण या प्लगमधले नंबर ओळीने नसतात. अर्धगोलात क्रम येतो एक, चार, दोन, पाच, तीन. म्हणजे एक आणि तीन या दोन टोकांच्या पिना, मधली दोन. प्लास्टिकवर बारीक आकडे कोरलेले असतात, टॉर्च लावून बघा. मग एकेक पिन लावत गेले. चार, बीप. दोन, बीप. पाच, बीप. एक, काही नाही. तीन, काही नाही.

केबलच्या प्लगला पाच पिना होत्या आणि आत तीनच तारा होत्या. मिडीला तेवढ्याच लागतात, म्हणून कित्येक मिडी केबलींत टोकाच्या पिना जोडलेल्याच नसतात. आणि डिन सिंकचे ठोके आणि स्टार्ट नेमके त्या टोकांवरूनच जातात. कन्व्हर्टर बरोबर होता, मशीन बरोबर होतं, आयसी बरोबर होता.

दुसऱ्या दिवशी लॅमिंग्टन रोडला, मुंबईतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, गेले. एका दुकानात "मिडी केबलच लागते याला" असं ऐकवलं, तिथून निघाले. पुढच्या दुकानात दोन पाच-पिनी प्लग आणि मीटरभर पाच तारांची शील्डेड वायर मिळाली. घरी येऊन नंबराला नंबर जोडून डाग दिले आणि प्रत्येक पिन मल्टिमीटरवर वाजवून घेतली. सिक्वेन्सरचं प्ले दाबलं आणि ६०६ ची किक त्याच क्षणी आली. मी खरंच ओरडले.

आली, पण दुप्पट वेगाने. हे पाच मिनिटांत सुटलं. कन्व्हर्टर अठ्ठेचाळीस ठोक्यांवर लावलेला होता, ती कॉर्ग कंपनीच्या जुन्या यंत्रांची पद्धत. खालचा छोटा स्विच चोवीसवर केला आणि लय जाग्यावर आली.

मुंबईत १९८२ साली संगीतकार चरणजीत सिंग यांनी रोलँडचीच टीआर-८०८ (ठेका) आणि टीबी-३०३ (बेस) ही यंत्रं घेऊन राग वाजवले, तेव्हा मिडी नव्हतंच. त्या दोन्ही यंत्रांच्या मागे हेच सॉकेट आहे. माझं जुळलं त्या रात्री मला ते पुन्हा पुन्हा आठवत होतं.

आणखी एक, आपल्या तालांत वाजवणाऱ्यांसाठी. डिन सिंकवरून फक्त ठोके जातात, सम जात नाही. मी ६०६ वर दादरा बसवला, बारा स्टेपचा (स्टेप म्हणजे पॅटर्नमधलं एक घर), आणि सिक्वेन्सरवर ओळ सोळा स्टेपची राहिली होती. लय तंतोतंत जुळलेली, पण सम एकत्र यायची अठ्ठेचाळीस स्टेपनंतर. बिघाड समजून पुन्हा मल्टिमीटर काढू नका, दोन्हीकडची लांबी बघा. मध्येच पॅटर्न बदलताना सम हुकली तर सिक्वेन्सर थांबवून पुन्हा सुरू करायचा, दोघंही पहिल्या स्टेपवर येतात.

नवीन केबलच्या दोन्ही टोकांना मी लाल टेप गुंडाळली आहे. बाहेरून ती मिडी केबलसारखीच दिसते, आणि घरात अजून चार मिडी केबली आहेत.