गेलेली दिसते, आलेला दिसत नाही

आमच्या केंद्राच्या (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या) व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज रात्री साडेनऊला परीक्षेचे गुण ऑनलाइन भरल्याचा एक तक्ता पडायचा. शाळेचं नाव, इयत्ता, पट, गुण भरलेले, शिल्लक, टक्केवारी. काम झालेल्या शाळा हिरव्या, राहिलेल्या लाल. एप्रिल 2025 मध्ये सलग नऊ रात्री आमची शाळा लाल होती. चौथी, 8 पैकी 7, 87.5 टक्के. खाली ठरलेलं वाक्य : ‘सदर शाळांनी तात्काळ कार्यवाही करावी, अन्यथा खुलासा सादर करावा.’

नऊ रात्री मी ते वाचलं आणि नऊ रात्री माझं जेवण बिघडलं. म्हणून हे लिहून ठेवते आहे. कुणाच्या कामी आलं तर येवो.

माझी शाळा जिल्हा परिषदेची, नागपूरहून काटोल रोडने बसने तासाभरावर. पहिली ते चौथी, द्विशिक्षकी. मी प्रभारी मुख्याध्यापिका, म्हणजे वर्गही माझा, पोषण आहाराची नोंदही माझी आणि किल्ल्याही माझ्याच. वर्षातून तीनदा पॅट, म्हणजे राज्याची नियतकालिक मूल्यांकन चाचणी, होते : पायाभूत, संकलित एक, संकलित दोन. विषय तीन, प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजी. 2024-25 साली आमच्याकडे ती तिसरी आणि चौथीला होती. पेपर वरून छापून येतात. एप्रिलच्या संकलित दोनच्या वेळी दोन पेपर कमी आले, गावातल्या दुकानातून झेरॉक्स काढली, तो खर्च कुठल्या खात्यात टाकायचा ते अजून ठरायचं आहे. बाकी परीक्षा सुरळीत झाली. तोंडी मी सकाळी सातलाच उरकून घ्यायची. 25 तारखेपर्यंत ताणलेलं वेळापत्रक आणि विदर्भातला एप्रिल. दहानंतर टिनाच्या छताखाली पोरांच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे दोघांनाही शिक्षा.

पेपर तपासले आणि संध्याकाळी गुण भरायला बसले. गुण मोबाइलवर, शिक्षण खात्याच्या चॅटबॉटवर भरायचे असतात. शाळेचा 11 अंकी युडायस क्रमांक (युडायस म्हणजे देशभरच्या शाळांची आणि मुलांची सरकारी ऑनलाइन नोंद; आमच्या जिल्ह्याचे सगळे क्रमांक 2709 ने सुरू होतात), आपला शालार्थ आयडी, म्हणजे शिक्षकाचा पगाराच्या प्रणालीतला क्रमांक, मग इयत्ता, विषय आणि मुलांची यादी. तिसरीची नऊ मुलं अर्ध्या तासात झाली. चौथीची यादी उघडली आणि तिथेच अडकले.

दिवाळीनंतर चौथीतली एक मुलगी शाळा सोडून गेली. तिच्या वडिलांना हिंगण्याच्या एमआयडीसीत काम मिळालं, ते कुटुंबच उठलं. आम्ही दाखला दिला, युडायसवर तिला ड्रॉप बॉक्समध्ये, म्हणजे शाळा सोडलेल्या मुलांच्या यादीत टाकलं. आमच्या बाजूने तिचं काम संपलं. त्याच पंधरवड्यात एक पोरगा आला, मध्य प्रदेशातल्या सौसरकडून. वडील संत्र्याच्या तोडीला. आंबिया बहार, म्हणजे संत्र्याचा पहिला हंगाम, संपला की परत जाऊ म्हणाले होते, मग पुढच्या मृग बहारालाही थांबले. पोराजवळ दाखला नव्हता. शिक्षण हक्क कायदा सांगतो की दाखल्यावाचून प्रवेश अडवायचा नाही, वयाप्रमाणे वर्गात बसवायचं. बसवलं.

आता गंमत पाहा. वर्गात मुलं 8. चॅटबॉटच्या यादीत नावं 8. तपासलेले पेपर 8. फक्त आठवं मूल वेगळं. यादीत ती गेलेली मुलगी होती आणि हा आलेला पोरगा नव्हता.

पहिली चूक माझी, ती आधीच कबूल करते. पोरगा आला त्याच आठवड्यात त्याला युडायसवर आयात करायला, म्हणजे जुन्या शाळेच्या यादीतून आमच्या यादीत घ्यायला हवं होतं. पण तो नोव्हेंबर 2024, 20 तारखेला विधानसभेचं मतदान. माझी ड्यूटी लागली होती, आधी प्रशिक्षणं, मग साहित्य घेणं, मतदान, रात्री पेट्या जमा करणं. ‘नंतर करू’ म्हटलं. त्या नंतरचा एप्रिल झाला.

मी तालुक्याच्या साधन केंद्रात फोन लावला. पलीकडचे सर भले गृहस्थ, आवाजात कधी तापट नाहीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘अहो मॅडम, काऊन टेन्शन घेता? आकडा तर जुळते ना तुमचा? त्या पोट्ट्याचे मार्क त्या पोरीच्या नावावर टाकून द्या. शाळा हिरवी होऊन जाते.’

खरं सांगते, मी टाकायला बसले होते. मुलीचं नाव निवडलं, विषय गणित निवडला. मग ते नाव पाहिलं. ती गणितात रडायची, पाढा सातावर अडकला की ओठ चावायची. तिच्या नावावर मी ह्या पोराचे गुण चढवणार, आणि हिंगण्याची तिची नवी बाई ते पाहून म्हणणार की हिला गणित येतं, लक्ष द्यायची गरज नाही. मोबाइल उलटा ठेवून दिला.

त्या पोराचं गणित कसं होतं ते सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. त्याची आई रस्त्याच्या कडेला संत्री विकायची, हा सुटीत शेजारी बसायचा. तोंडी परीक्षेत मी त्याला कागदावरचा प्रश्न विचारला, तर गप्प. मग म्हटलं, ऐंशी रुपये डझन, नऊ संत्री घेतली, किती द्यायचे? छताकडे पाहिलं आणि लगेच : ‘साठ.’ कसे रे? ‘तीन कमी ना बाई. म्हणजे पाव कमी. वीस गेले.’ वाचनात मात्र ‘फळ’ला ‘फल’ आणि ‘बाळ’ला ‘बाल’. ‘ळ’ त्याच्या जिभेवर बसतच नव्हता. भाषेचे गुण त्याने तिथे घालवले. एका चौकटीत बसणारा पोरगा नव्हताच तो, आणि आमचा चॅटबॉट तर त्याला चौकटसुद्धा देत नव्हता.

आता कामाचं. असंच कुणाचं अडलं असेल तर आधी मुलाचा पेन काढा. पेन म्हणजे कायम शिक्षण क्रमांक, देशभर तोच चालतो. तो माहीत नसेल तर युडायसवर आधार क्रमांक आणि जन्मसाल टाकून शोधता येतो. माझा एक दिवस इथे गेला, कारण आईने सांगितलेलं साल 2015 आणि आधारवरचं 2014. सापडत नसेल तर एक वर्ष मागे-पुढे टाकून पाहा. 2014 टाकल्याबरोबर पेन आला. आयात करायला गेले, तर उत्तर : विद्यार्थी दुसऱ्या शाळेत सक्रिय आहे. म्हणजे तिकडच्या शाळेने त्याला सोडलेलाच नव्हता. त्याला सोडा अशी ऑनलाइन विनंती, म्हणजे रिलीज रिक्वेस्ट, पाठवली. पाच दिवस नुसती प्रलंबित.

रिक्वेस्ट पाठवून वाट पाहत बसू नका. ती कुणी पाहत नाही. (मीही नसती पाहिली, ह्या उन्हात आणि ह्या नेटवर्कमध्ये कोण उघडतं?) फोन करावा लागतो, आणि फोन नंबर मिळवणं हेच खरं काम. आईला म्हटलं, त्याचे जुने कागद काही असतील ते आणा. तिने किराण्याच्या पिशवीत गुंडाळलेलं तिसरीचं प्रगति पत्रक आणलं, घडीवर फाटलेलं, हळद लागलेलं. त्यावर शाळेचा शिक्का आणि शिक्क्यात युडायस क्रमांक. 23 ने सुरू होणारा, म्हणजे मध्य प्रदेशच. क्रमांकावरून शाळा कळली, शाळेवरून गाव. गावात आमच्या स्वयंपाकीण ताईंची नणंद दिलेली निघाली! सरकारी पोर्टलला पाच दिवसांत जमलं नाही ते तिने एका दुपारी केलं, गुरुजींचा नंबर आणून दिला.

गुरुजी हिंदीतून बोलले. ‘मॅडमजी, मैं भी प्रभारी ही हूँ. पासवर्ड पुराने सर के पास है, उनका तबादला हो गया.’ दोघेही हसलो. त्यांच्याकडेही कुठलासा तक्ता लाल होता म्हणे, कारण हा पोरगा तिकडच्या पटावर आणि हजेरीत शून्य. एकच मूल, दोन राज्यांतल्या दोन शाळांना लाल करून संत्री मोजत बसलं होतं. चौथ्या दिवशी त्यांनी सोडला. मी त्याच रात्री आयात केला, साडेअकराला. रात्री दहानंतर किंवा पहाटे सहाच्या आधी पोर्टल बरं चालतं, दिवसा नुसतं गोल फिरत राहतं.

युडायसवर आला म्हणजे चॅटबॉटवर आला असं नाही, हे मला माहीत नव्हतं. दोन्हींची यादी एकमेकींशी जुळायला वेळ लागतो. मी रोज उघडून पाहायची : ती आहे, तो नाही. तोवर गुण भरायची मुदत संपली. मुलीच्या नावापुढे शेवटी ‘गैरहजर’ निवडलं, कारण तेवढंच खोटं मला झेपत होतं.

आणि मग खुलासा मागवलाच. तालुक्याची क्रमवारी लागली होती, तीत आम्ही खालून चौथे. आठ मुलांच्या वर्गात एक मूल म्हणजे साडेबारा टक्के. शहरातल्या साठ मुलांच्या वर्गात एक मूल निसटलं तर दोन टक्केही होत नाहीत, ते कुणाच्या नजरेत येत नाही. आमच्याकडे एक पोरगी हिंगण्याला गेली की शाळाच घसरते. मी खुलाशात हे लिहिलं होतं, ‘उपरोक्त विषयान्वये’ वगैरे करून, पण पहिला मसुदा वाचून नवरा म्हणाला की भांडण वाटतं. दुसऱ्यात फक्त तारखा ठेवल्या : प्रवेश कधी, रिक्वेस्ट कधी, फोन कधी, मुक्तता कधी. सोबत स्क्रीनशॉट. हा सल्ला मनावर घ्या, तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट पहिल्या दिवसापासून काढा. मी ते सुचलं म्हणून नाही, राग आला म्हणून काढले होते, पण खुलासा तेवढ्यावरच मान्य झाला. मान्य झाला, क्रमवारी मात्र बदलली नाही. ती एकदा पीडीएफ झाली की झाली.

मूल्यांकनाचा मला राग नाही, गैरसमज नको. 2015 साली शाळा सिद्धी, म्हणजे शाळेने स्वतःचं मूल्यांकन करायची पद्धत, आली, 7 क्षेत्रं, 46 मानकं, 3 स्तर, तेव्हा मीच उत्साहाने भरायची. आता स्क्वाफ ह्या शाळेच्या गुणवत्ता मूल्यांकनाच्या नव्या चौकटीची 128 मानकं आणि 4 स्तर. त्यासाठीही पुरावे जोडले, हात धुण्याच्या जागेचा फोटो तर तीन कोनांतून काढला. पट्टी बदलली की चेहरा बदलतो, एवढं मात्र कळलं आहे. आपल्या राज्याला केंद्र सरकारच्या, राज्यांच्या शालेय शिक्षणाला गुण देणाऱ्या श्रेणी निर्देशांकात 2020-21 साली 1000 पैकी 928 होते. पुढच्या वर्षी पट्टीच नवी आली आणि वरच्या पाच श्रेणींत देशातलं एकही राज्य बसलं नाही. एका वर्षात सगळ्या देशाची पोरं ढ झाली असं कुणी म्हटलं नाही. आम्हाला मात्र एका रात्रीच्या तक्त्यावरून म्हणतात. 4 डिसेंबर 2024 ला परख ह्या केंद्र सरकारच्या मूल्यांकन संस्थेचं राष्ट्रीय सर्वेक्षण झालं, त्यात नमुन्याला काही शाळा निवडतात, परीक्षा घ्यायला बाहेरचा माणूस येतो आणि मुलाचं नाव घेऊन निकाल लागत नाही. तसं असतं तर ह्या पोराचा पेपर पेपर म्हणून मोजला गेला असता.

अजून एक राहिलंच. दाखला देताना त्यावर पेन लिहून द्या, आणि आपला मोबाइल नंबरही. पुढच्या बाईला नणंद शोधावी लागणार नाही. मी आता शिक्काच करून घेतला आहे, सीताबर्डीहून.

1 मेला निकाल वाटला. त्याचे पॅटचे गुण मी हाताने नोंदवहीत लिहिले, लाल शाईने नाही, निळ्या. पेपर फाइलला लावले. पोराला निकालाचं काही नव्हतं, त्याला खिचडी बंद होणार ह्याचंच वाईट वाटत होतं. आमच्या शाळेत चौथीपर्यंतच वर्ग, म्हणून पाचवीला कुठे जाणार विचारलं, तर आई म्हणाली, ‘पाहू बाई, बहार जिथे लागेल तिथे.’

आमच्याकडे शाळा जूनच्या शेवटी उघडतात. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पोषण आहाराचा तांदूळ मोजून घेत होते, तांदळाची धूळ हाताला, आणि मोबाइलवर युडायस उघडलं. एक रिलीज रिक्वेस्ट आली होती. त्याच पोराची. शाळा जवळच्याच मोठ्या गावातली, पाचवी. रिक्वेस्ट आदल्या दिवशीची होती. गाडीवाला पावतीसाठी थांबला होता, ‘मॅडम, सही’ म्हणाला. त्याला म्हटलं, थांबा जी दोन मिनिटं, आणि आधी ते बटण दाबलं. मग त्या शाळेत फोन लावून सांगितलं की सोडला आहे, आजच आयात करून घ्या, आणि हो, जन्मसाल 2014 टाका.