साध्या ब्लेडनं दाढी होते काय?

बेळगावच्या उद्यमबागेतल्या टूलरूममध्ये हत्यारांना धार लावण्यात माझा जन्म गेला. त्यामुळे विळी असो, कोयता असो, विचारणारे माझ्याकडेच येतात. अलीकडे मात्र सगळ्यांचा एकच प्रश्न. आमचे साडू वडगावात माग चालवतात. सूत तोडायला त्यांच्याकडे साध्या ब्लेडांची पाकिटं पडलेली असतात, बिनकोटिंगची, अगदी स्वस्तातली. ते म्हणाले, "काय ओ पावणं, बसतात तर रेझरात बरोबर. मग दाढीला दुसरी कशाला आणायची?"

दाढी होते. कशी होते, ते मी स्वतःच्या गालावर बघितलंय.

आषाढातली सकाळ, बाहेर पावसाची धार. दोन रेझर घेतले. डाव्या गालाला साडूंचं ब्लेड, उजव्याला माझं नेहमीचं. साबण एक, ब्रश एक. साध्या ब्लेडचा पहिला हात फिरला आणि आधी आवाजच वेगळा आला, वाळलेला कडबा तोडल्यासारखा खर्र खर्र. कानाजवळ केस मऊ, तिथं बिनबोभाट उतरलं. हनुवटीवर आल्यावर प्रत्येक खुंट आधी ओढला जायचा, मग तुटायचा. डोळ्यांत पाणी आलं. उलटा हात मारायचा धीर झाला नाही. तुरटी फिरवली तर डावा गाल मिरची लागल्यासारखा चुरचुरला आणि उजवा गप्प.

धार कमी होती म्हणावं, तर तसंही नाही. ग्राइंडिंगवाल्याच्या नजरेनं सांगतो, सूत तोडायला ती धार झकास होती. फरक होता घसरण्याचा. दाढीच्या चांगल्या ब्लेडच्या धारेवर क्रोमियमसारख्या कठीण धातूचा बारीक थर असतो आणि त्यावर टेफ्लॉनचा, नॉनस्टिक तव्यावर असतो तोच. तो धारदारपणा वाढवत नाही. पातं केसात शिरताना घासत नाही, एवढंच त्याचं काम; पण गालाला कळतं ते तेवढंच. टेफ्लॉन धारेवर तापवून बसवावं लागतं आणि ते वितळतं 327 अंशांच्या आसपास. आमच्या हीट ट्रीटमेंटच्या भट्टीवर कुणालाही विचारा, एवढ्या तापाला साधं कार्बन पोलाद थोडं तरी मऊ पडतंच. साधारण 13 टक्के क्रोमियमचं स्टेनलेस तग धरतं. म्हणून ही जोडी जमली, तीही 1960 नंतरच्या काही वर्षांत.

त्याआधी लोक काय दाढ्या वाढवून फिरत होते? जिलेटला सेफ्टी रेझरचं पेटंट मिळालं 1904 साली, म्हणजे मधली पन्नासेक वर्षं जग साध्या पोलादावरच गुळगुळीत होत होतं. आमचे आबा खानापूरकडचे. त्यांचं एक ब्लेड आठवडाभर चालायचं. दाढीच्या आधी काचेच्या पेल्यात पाणी घ्यायचे, आतल्या गोलाईला ब्लेड बोटानं दाबून मागं-पुढं घासायचे. त्याची किर्र किर्र माजघरापर्यंत यायची. झाल्यावर धोतराच्या सोग्यानं टिपून, खोबरेल लावून कागदात गुंडाळायचे. खानापूरच्या पावसात तसं केलं नाही तर दुसऱ्या दिवशी तांबडे ठिपके ठरलेले. धारेवर गंज म्हणजे करवतच की. आबांचा गाल मात्र कायम लालबुंद असायचा. आम्ही पोरं त्याला तेज म्हणायचो.

अजून एक. केस पोलादाहून 50 पट मऊ, तरी ब्लेड बोथट होतंच. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या संशोधकांनी 2020 साली सूक्ष्मदर्शकाखाली दाढी करूनच बघितली. केस वाकून धारेच्या कडेला येतो आणि पोलाद तिथं एकसारखं नसेल, तर धारेचा बारीक टवका उडतो. हे कोटिंगवाल्यालाही चुकत नाही. म्हणून माझं निम्मं उत्तर पाण्यात आहे. केस पाणी पिऊन मऊ पडतो, पण त्याला दोन-तीन मिनिटं द्यावी लागतात. आंघोळ करून या, फेस चढवा, जरा थांबा. मग साध्या ब्लेडनंही विरळ दाढीची एक-दोनदा निभते. दाट, राठ दाढी किंवा पुटकुळ्यांचा चेहरा असेल, तर त्या वाटेला जाऊ नका.

आणि स्वस्त म्हणजे बिनकोटिंगचं, हे कुणी सांगितलं? गणपत गल्लीत सुट्ट्या रुपयांत येणाऱ्या कितीतरी ब्लेडांच्या वेष्टनावर स्टेनलेस, प्लॅटिनम, टेफ्लॉन असं छापलेलं असतं. ती खुशाल घ्या. सलूनवाले तसलंच ब्लेड मधोमध मोडून वस्तऱ्यात अर्धं घालतात. मी वापरतो तेही महाग नाही. वेष्टनावर यातलं काहीच नसलं, की ते सूत तोडायला.

साडूंनी मला दहाचं पाकीट दिलं होतं. एक डाव्या गालाला लागलं. दुसरं मुद्दाम ओलं करून मोरीच्या कट्ट्यावर ठेवलं, सकाळी त्यावर तांबडे ठिपके होते. उरलेली आठ हिनं शिलाई मशीनच्या खणात नेली, ब्लाउज उसवायला. परवा विचारत होती, भाऊजींकडं अजून एक पाकीट मिळेल काय म्हणून.