छापा पडला, पण कोणी पळालं नाही

पोलीस माझ्यापासून चार हातांवर उभा होता आणि पावाच्या स्लाइसमध्ये गुंडाळलेलं सॉसेज खात होता. समोर शे-सव्वाशे माणसांचं रिंगण, ज्याच्या-त्याच्या हातात नोटा. मधोमध एक बाई, तिच्या हातात लाकडाची चपटी पट्टी आणि पट्टीवर दोन नाणी. भर दुपारी, उघड्यावर, क्लबच्या मागच्या अंगणात सरळसरळ जुगार चाललेला, आणि वर्दीतला माणूस शर्टावर सॉस सांडू नये म्हणून वाकून खातोय. माझे पाय आपोआप फाटकाकडे वळले. कामावरच्या पंजाबी जोडीदारानं कॉलर धरून मागे ओढलं नसतं, तर मी पार्किंगपर्यंत पोचलोही असतो.

मी कुठे असतो हे जुन्या वाचकांना ठाऊक आहे. ऑस्ट्रेलियात, न्यू साउथ वेल्स राज्याच्या उत्तर भागात, नॅराब्रायजवळ, कापसाच्या जिनमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, मेंटेनन्सला. पऱ्हाटीतून सुटायला समुद्र ओलांडला आणि परत पऱ्हाटीतच येऊन पडलो, हे मित्रांनी मला पुरेसं ऐकवून झालंय. एप्रिल म्हणजे इथे वेचणीचा हंगाम. वेचणी म्हणजे मशीन. कमरेला ओटी बांधलेली एक बाई शेतात दिसत नाही. पिवळ्या प्लॅस्टिकात गुंडाळलेले, माणसाहून उंच गोल गठ्ठे रांगेनं पडलेले असतात. त्या धामधुमीतही 25 एप्रिलला सगळं बंद होतं, कारण त्या दिवशी अँझॅक डे. पहिल्या महायुद्धात, 1915 साली, याच तारखेला ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचे सैनिक तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरले आणि पुढच्या महिन्यांत हजारोंनी मेले. तिथे आपले शिपाई आणि त्यांची खेचरंही होती, हे सांगितलं की इथल्या लोकांना नवल वाटतं. मलाही ते इथे आल्यावरच कळलं, तो भाग सोडा. पहाटे अंधारात गाव स्मारकापाशी जमतं, बिगुल वाजतो, कोणी खोकतसुद्धा नाही. नातवंडं आजा-पणज्याची पदकं छातीच्या उजव्या बाजूला लावून येतात. डावी बाजू ज्यानं स्वतः कमावली त्याची. बघताना मलाही गलबलून येतं. आणि दुपार झाली की हीच माणसं क्लबात जाऊन टू-अप खेळतात.

टू-अप म्हणजे आपला छापा-काटाच, फक्त दोन नाण्यांचा. नाणी जुन्या पेनीची, 1966 साली डॉलर येण्याआधीची. मोठी आणि वजनदार, म्हणून हवेत छान फिरतात. ती ज्या पट्टीवर ठेवून उडवतात तिला 'किप' म्हणतात आणि उडवणाऱ्याला 'स्पिनर'. दोन्ही छापे पडले तर छाप्यावर लावणारे जिंकले, दोन्ही काटे पडले तर काट्यावाले. एक छापा आणि एक काटा पडला, तर पुन्हा उडवायचं. हिशेबानं दर दोन उडवण्यांत एकदा असं होणारच, म्हणून खेळ रेंगाळतो आणि रिंगणातला आरडाओरडा चढत जातो.

पैसे लावायची पद्धत तर बघण्यासारखी. मधे कोणी मालक नाही, टेबल नाही, आपला हिस्सा कापून घेणारा नाही. छाप्यावर लावायचे असतील तर नोट डोक्यावर थोपटायची. ते पाहून समोरचा अनोळखी माणूस येतो, तेवढीच नोट जुळवतो, मान हलवतो. झाला सौदा. मी वीस डॉलरची लाल नोट डोक्यावर धरली. गावातल्या सुनेनं पाहिलं असतं तर म्हणाली असती, भाऊजींना ऊन लागलं. एक म्हातारा शेतकरी पुढे आला. टोपी इतकी मळलेली की मूळ रंग कोणता हे सांगता येऊ नये. नाणी उडाली, खाली आली, गर्दीनं गलका केला, आणि त्या रेटारेटीत म्हातारा दिसेनासा झाला. वीस डॉलर गेले, असं धरून मी खाण्याच्या खिडकीपाशी रांगेत उभा राहिलो. दहा मिनिटांनी पाठीवर थाप पडली. म्हातारा मला शोधत आला होता. चाळीस डॉलर हातात ठेवले, पुटपुटला की दोन्ही छापे होते, आणि गेला.

आता, इथे टाळ्या वाजवायची घाई करू नका. आमच्या गावच्या जुगारातही कोणी कोणाचा रुपया बुडवल्याचं मी ऐकलेलं नाही. सोसायटीचं कर्ज बुडवतील, भावाची वाटणी बुडवतील, पण पत्त्यातली उधारी सकाळी दुधाच्या आधी घरी पोचते.

मला झोंबलं ते दुसरंच. न्यू साउथ वेल्समध्ये टू-अप रोज खेळता येत नाही. 1998 च्या कायद्यानं ठरवून दिलेले मोजके दिवस, त्यांतला मुख्य हा. ब्रोकन हिल या खाणीच्या गावाला मात्र बारमाही मुभा आहे. म्हणजे सरकारनं कागदावर लिहून दिलंय की अमुक दिवशी जुगार हा जुगार नाही, ती परंपरा आहे, कारण खंदकातले शिपाई हाच खेळायचे. स्थानिक पेपरात दुसऱ्या दिवशी फोटो येतो: हसणारे चेहरे, हवेत नाणी. आणि आमचा पोळा?

विदर्भातल्या वाचकांना पोळा आणि पत्ते यांचं नातं सांगायची गरज नाही. आदल्या दिवशी खांदशेकणी, 'आज आवतन घ्या, उद्या जेवायला या', दुसऱ्या दिवशी तोरणाखाली जोड्या, झडत्या, हर बोला हर हर महादेव, घरोघरी बोजारा. दिवे लागले की पंगत बसते. आमच्या गावात, तळेगाव दशासरपासून सायकलनं अर्ध्या तासावर, ती काकाच्या कोठ्यात बसायची. बैल सजून-धजून एका बाजूला, ताडपत्रीवर माणसं दुसऱ्या बाजूला, मधे कंदील आणि तीन पत्ती.

आणि राखणीला मी. वय दहा. गावाबाहेरच्या रपट्यावर बसायचं, डांबरी रस्त्याकडे डोळे लावायचे, जीपचा उजेड दिसला की कोठ्याकडे धावत ओरडायचं, "बैल सुटला!" पोळ्याच्या दिवशी या ओरडण्याचा कोणालाच संशय येणार नाही, ही काकाची अक्कल. पगार दहा रुपये आणि कागदात बांधलेली भजी.

टू-अप बारमाही बेकायदा होता तेव्हा इथेही असाच पहाऱ्याला माणूस ठेवायचे. त्याला म्हणायचे 'कॉकाटू', म्हणजे काकाकुवा. हे मला त्या दिवशी क्लबात कळलं आणि मी एकटाच वेड्यासारखा हसत सुटलो. काकाचा काकाकुवा! जोडीदाराला समजावून सांगायला गेलो, पण हा विनोद मराठीबाहेर जगत नाही.

1997 च्या पोळ्याला मात्र काकाकुवा जागेवर नव्हता. पुरणाची पोळी खायला घरी आला होता. जीप आली. कोठ्यातून माणसं पऱ्हाटीत शिरली. काका चिखलात घसरून पडला आणि सापडला. रात्रभर ठाण्यात. तिसऱ्या दिवशी पेपरात चौकट: 'पोळ्याच्या जुगारावर छापा, सात जणांना अटक', खाली सातही नावं, वडिलांच्या नावासकट, वयासकट. काकानं तो पेपर गावात यायच्या आधीच एसटी स्टँडवरून सगळा विकत घेतला, असं म्हणतात. मला कोणी एक शब्द बोललं नाही. तेच जास्त लागलं.

तेव्हा त्या अंगणात उभं राहून माझ्या डोक्यात हेच फिरत होतं. छापा पडला की इथे माणसं पैसे उचलतात, आमच्याकडे पैसे टाकून पळतात. खेळ तोच, दिवस सणाचा तोच, पहाऱ्यावरचा पक्षीसुद्धा तोच. मग यांचा वारसा आणि आमचा गुन्हा, हे कोणी ठरवलं? आपला जुगारबंदीचा कायदा 1887 चा, म्हणजे साहेबाच्याच राज्यातला. त्याच साहेबाचे वंशज इथे डोक्यावर नोटा धरून नाचतात.

शंकरपटाचंही तेच. 2014 साली सुप्रीम कोर्टानं बैलांच्या शर्यती बंद केल्या, 2023 च्या मे महिन्यात कायदेशीर ठरवल्या. मधली कित्येक वर्षं तळेगावच्या पटाशिवाय गेली. त्याच वर्षांत मी इथे उधळत्या जनावरावर टिकून बसायचा रोडिओ पाहिला, घोड्यावरून गुरं हाकायचा कॅम्पड्राफ्ट पाहिला, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी मेलबर्न कपसाठी जिनमधली पानं-पक्कड खाली ठेवली. 1861 पासून चालू आहे तो. 3200 मीटर, सव्वातीन मिनिटं, आणि तेवढ्यासाठी अख्खा देश टीव्हीसमोर. चिठ्ठ्या टाकून घोडे वाटतात. माझा शेवटून पहिला आला म्हणून माझे पाच डॉलर परत मिळाले. शेवटच्यालाही बक्षीस, ही पद्धत आपल्या पटात आणायला हरकत नाही. पण चाबूक तिथेही चालतो बरं का. पटात तुतारीची, म्हणजे हाकायच्या काठीची, आर टोचतात, शेपटी पिरगाळतात, हे मी नाकारत नाही. लहानपणी जवळून पाहिलंय आणि आवडलेलं नाही. तरी इथल्या कोणी मला बैलांबद्दल विचारलं की मी आमचा पट म्हणजे जणू बैलांचा सत्कार असल्यासारखं बोलतो. बाहेर राहणाऱ्या माणसाचं हे असं होतं.

बाकी मजेला तोटा नाही. जूनमध्ये सात तास गाडी हाकून ग्रिफिथला शिखांच्या स्पर्धेला गेलो होतो. लंगर असा की दोन दिवस घरी जेवण नको. कबड्डी बघायला मोठ्या हौसेनं बसलो, तर मैदान गोल! पंजाबी तऱ्हा. मी जोडीदाराला ऐकवलं की 1936 साली बर्लिनला जाऊन कबड्डी दाखवली ती आमच्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं. तो म्हणाला, मग मैदानात ये. मी गेलो नाही. गुडघा.

अॅलिस स्प्रिंग्जला कोरड्या नदीत होड्यांची शर्यत असते. होडीला बूड नाही. आत उभं राहून ती कमरेला धरायची आणि वाळूतून पळत सुटायचं. 1993 साली ती रद्द करावी लागली, कारण नदीला पाणी आलं. आमच्या गावच्या नाल्याची अवस्था बघता ही स्पर्धा आपण वर्षाचे आठ महिने भरवू शकतो.

एकदा क्लबात रॅफलमध्ये मांसाचा ट्रे लागला. बैल आणि डुक्कर दोन्ही त्यात, आणि वार शनिवार. शेजाऱ्याची चंगळ झाली.

पण याच क्लबात टू-अपच्या अंगणातून आत गेलं की गालिचा घातलेली, खिडक्या नसलेली खोली लागते. तिथे पोकी, म्हणजे बटण दाबून जुगार खेळायची मशीन असतात. न्यू साउथ वेल्सच्या क्लबांत त्या 1956 पासून कायदेशीर आहेत, आणि त्यांना अँझॅक डे लागत नाही. माणशी जुगारात हरण्यात हा देश जगात पहिला धरला जातो. त्या दिवशीही बाहेर गलका चालू असताना आत एक आजी एकटीच बसली होती. पर्स मांडीवर, बटण दाबतेय, बघतही नाही काय पडलं. तिच्याशी सौदा करायला कोणी माणूस नाही, आणि दहा मिनिटांनी शोधत येऊन पाठीवर थाप मारणाराही नाही. मी लवकर बाहेर आलो.

संध्याकाळी घरी व्हिडिओ कॉल लावला. तिकडे दुपार. बाबा झोपले होते, काकू भेटली. काका जाऊन पाच वर्षं झाली; मला येता आलं नव्हतं, जिनचा सीझन. पोळ्यालाही सहा वर्षांत गेलो नाही, तेही सीझनमुळेच. आणि आता घरी जोडीच नाही, ट्रॅक्टर आहे, असं मी स्वतःलाच सांगतो.

काकूला सगळं रंगवून सांगितलं. पोलीस, सॉसेज, डोक्यावरच्या नोटा. शेवटी म्हटलं, "काकाला इथे आणलं असतं तर त्या दिवशी ठाण्यात बसावं लागलं नसतं. माझीच चूक होती, काकू. मी रपट्यावरून उठायला नको होतं."

काकू तूर निवडत होती. सूप थांबलं नाही.

"तू कायचा उठतं रे. मीच बलावलं होतं तुले जेवाले."

"म्हणजे?"

"म्हंजे काय? सांजीच निरोप धाडला होता ठाण्यात. दुधवाल्याच्या पोट्ट्यासंगं." तिनं एक खडा उचलून बाजूला टाकला. "त्या वर्सी जोडी लावाले निंगाले होते ते. पोळ्याच्या दिवशी. तोरनाखालून आनलेली जोडी."

अठ्ठावीस वर्षं मी त्या पुरणाच्या पोळीचं ओझं वाहत होतो. काय बोलावं सुचेना. कोठ्यात सजवून बांधलेले ते दोघे आठवले. शिंगांना बेगड, पाठीवर झूल, आणि मधे कंदील. आपल्यावर बोली लागतेय हे न कळता कडबा खात उभे असतील.

"काकाला माहीत होतं?"

"होतं असंन." सूप पुन्हा पाखडलं. "मले कधी इचारलं नाही. तू किती हारला आज?"

"जिंकलो काकू. पासष्ट डॉलर."

"हं," ती म्हणाली. "तुये काका बी असंच म्हनत."