सूची नसलेली पुस्तकं

ग्रंथालयातून हैदराबाद मुक्तिसंग्रामावरचं एक पुस्तक आणलं होतं. दुपारी पंख्याखाली आडवं पडून चाळताना समासात कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलेलं दिसलं : ‘खोटं!’ त्याखाली निळ्या बॉलपेननं दुसरंच अक्षर : ‘तुम्ही होता का तिथं?’ झोप उडाली.

मी समासात लिहीत नाही. माझी खोड वेगळी. राजकीय इतिहासाचं पुस्तक हाती आलं की आधी प्रकाशनाचं साल बघायचं आणि तेव्हा खुर्चीवर कोण होतं ते आठवायचं. सूची बघावी तर मराठी पुस्तकाला ती बहुधा नसतेच. म्हणजे कोणाला वगळलंय हे कळायला अख्खं पुस्तक वाचणं आलं. हाच डाव असावा.

13 सप्टेंबर 1948ला भारताच्या फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या (हीच ‘पोलीस ॲक्शन’), 17ला निजाम शरण आला, की आमच्याकडं पडदा पडतो. तोच निजाम 26 जानेवारी 1950 पासून 1956 पर्यंत हैदराबाद राज्याचा राजप्रमुख होता, हे शाळेत कुणी सांगितलं नाही. गुरुजी ‘जुलमी निजाम’ म्हणताना घसा फोडायचे, आमचं लक्ष गोळ्यांच्या पुड्याकडं.

आजीचा इतिहास ओसरीवर, हातात सूप घेऊन चालायचा. निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांच्या भीतीनं रातोरात गाडी जुंपून सगळे बार्शीकडं गेले, तिकडं निजामाचं राज्य नव्हतं ना. पेवातली ज्वारी मात्र मागं राहिली. ज्वारीपाशी तिचा आवाज दाटायचा.

“मग?”

“मग पोलीस ॲक्शन झाली. आलो माघारी.”

“अन् वेशीजवळच्या मुसलमानांची घरं कशी पडली?”

सूप जोरात हलायला लागायचं. “जा, खेळ जा.”

केंद्र सरकारनं पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीचा अहवाल मी फार उशिरा वाचला. समिती 1948च्या अखेरीस इकडं फिरली होती. कारवाईत आणि तिच्यानंतर 27 ते 40 हजार माणसं गेली, असा तिचा अंदाज. सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड. अहवाल कित्येक दशकं दिल्लीत दडून राहिला. आकड्यावर वाद घालणारे घालतात. रझाकारांनी केलं तेही खरंच, त्यानं हे पुसलं जात नाही. आजीनं मला कधी खोटं सांगितलं नाही, हेही तितकंच खरं.

आता चौकातल्या हॉटेलात जो तो हैदराबाद गॅझेटिअरवर बोलतो. मराठ्यांच्या कुणबी दाखल्यांसाठी त्याचा आधार घेणारा 2 सप्टेंबर 2025चा शासन निर्णय निघाल्यापासून तर इतिहासाला इतके वाचक मिळालेत की विचारू नका. गॅझेटिअरमध्ये आकडे आहेत, माणसांची नावं नाहीत, असं मी एकदा म्हणालो. “काका, तुम्ही नेमके कुणाकडचे?” कपबशी पुसता पुसता मालकानं विचारलं.

तेव्हापासून मी नुसती कात्रणं काढून ठेवतो, तारीख घालून, दोन्ही बाजूंची. दिवाळीच्या आवराआवरीत ती रद्दीत जाणार, असं घरून जाहीर झालंय. किलोला काय भाव आहे हल्ली?