सांगणाऱ्याची गरज

रविवार, रात्री

आज दादाबरोबर अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या मद्यपींच्या संघटनेच्या खुल्या सभेला गेले. एरवीच्या सभा दारू सोडू इच्छिणाऱ्यांपुरत्या असतात. खुल्या सभेला घरच्यांनाही बसता येते. तिथे ऐकलेले तिथेच ठेवायचे असते, म्हणून इतरांविषयी काही लिहीत नाही. दादाने मात्र स्वतःचे लिहायला मोकळीक दिली आहे.

तो म्हणाला, "क्वार्टर मी गॅसच्या सिलिंडरमागे ठेवायचो, म्हणून सिलिंडर बदलायचे काम घरात दुसऱ्या कोणाला करू द्यायचो नाही. आई शेजारपाजारी कौतुकाने सांगायची, की जड कामांना तो आम्हाला हात लावू देत नाही." यावर कोणी हळहळले नाही, कोणी सल्ला दिला नाही. दुसऱ्याच्या बोलण्यावर शेरा मारायचा नाही, अशी तिथली रीत आहे. पुढचा माणूस उठला तो स्वतःचेच सांगू लागला, आणि दादा मात्र प्रत्येक वाक्याला मान डोलावत होता.

स्वतःचेच सांगायची ही रीत जिथून आली ती हकीकत मला फार महत्त्वाची वाटते. या संघटनेच्या दोन संस्थापकांपैकी एक, न्यूयॉर्कचा बिल विल्सन, डिसेंबर १९३४ मध्ये दारूपासून सुटला आणि पुढचे काही महिने इतर मद्यपींना उपदेश करत फिरला, पण त्यातून एकाचीही दारू सुटली नाही. मे १९३५ मध्ये तो धंद्याच्या कामासाठी ओहायोतल्या अॅक्रनला गेला. काम फसले, हॉटेलातल्या बारचे आवाज कानावर येऊ लागले, आणि आपण पुन्हा पिणार या भीतीने त्याने एखाद्या मद्यपीची गाठ घालून द्या म्हणून अनोळखी लोकांना फोन लावले. त्यातून डॉ. बॉब स्मिथ या शल्यचिकित्सकाची भेट ठरली. पंधरा मिनिटांपेक्षा जास्त थांबणार नाही असे बजावून आलेले डॉक्टर कित्येक तास बसले, कारण समोरचा माणूस त्यांना सुधारायला आलेला नव्हता, तर स्वतः वाचण्यासाठी आपली कहाणी सांगत होता. १० जून १९३५ रोजी डॉक्टरांनी शेवटचा प्याला घेतला. तोच दिवस या संघटनेचा स्थापनादिन मानला जातो.

अनुभव दोन्ही वेळी तोच होता, पण उपदेश करणाऱ्या विल्सनला ऐकणाऱ्याची गरज नव्हती आणि अॅक्रनमधल्या विल्सनला ती होती. मला वाटते, मोकळेपणाने बोलण्यातून दुसरा शिकतो तो याच कारणाने: सांगणारा वरच्या पायरीवर उभा नसतो, त्यामुळे ऐकणाऱ्याला बचावाचा पवित्रा घ्यावा लागत नाही. अर्थात मन मोकळे करण्याच्या नावाखाली समोरच्याकडून सहानुभूती वसूल करणारेही असतात. तिथे ऐकणारा अवघडतो आणि संवाद तिथेच खुंटतो. सभेत शेरा मारायला मनाई असल्यामुळे हेही आपोआप टळते, असे आज जाणवले.

परतताना रिक्षात मी दादाला विचारले, की आईचे ते कौतुक ऐकताना तुला काय वाटायचे. तो बराच वेळ बोलत राहिला. त्याच्या पिण्याविषयी आम्ही घरात कितीतरी वेळा बोललो आहोत, पण असा प्रश्न विचारण्याइतके मला आजवर काही ठाऊकच नव्हते.

मद्यपींच्या घरच्यांसाठी १९५१ पासून अल-अॅनॉन ही वेगळी संघटना आहे. तिच्या सभेला पुढच्या आठवड्यात जाणार आहे. तिथे दादाविषयी नव्हे, माझ्याविषयी बोलायचे असते. त्याच्या पिण्याच्या वर्षांत माझे काय झाले, हे मी अजून कोणालाच सांगितलेले नाही.