जामीन

जून २०२२ मधल्या एका मंगळवारी पोस्टमन रजिस्टर पाकीट घेऊन आला तेव्हा मी कणीक मळत होते. हात पिठाचे, म्हणून सही मुलाने केली. पाकिटावर पतसंस्थेचा शिक्का आणि नाव ह्यांचं. मी ते उघडलं नाही, फ्रीजवर ठेवलं. संध्याकाळी हे कंपनीतून आले, पाकीट पाहिलं, खिशात घातलं आणि गच्चीवर गेले. अर्ध्या तासाने खाली येऊन जेवले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. असलं पाकीट घरात पहिल्यांदा आलेलं नाही, हे मला तेव्हाच कळलं. आधीच्या दोन नोटिसा त्यांच्या डब्याच्या पिशवीत, तळाच्या पुठ्ठ्याखाली होत्या.

२०१८ मध्ये हे एका मित्राला जामीन राहिले होते. मित्र आमच्याच मंडळीतला, म्हणजे आमच्याच चर्चमधला. दोघे तरुण संघात एकत्र वाढले, नाताळात रात्र रात्र गाणी म्हणत घरोघर फिरले. त्याला मंडप-डेकोरेशनचा धंदा वाढवायचा होता. खुर्च्या, पडदे, मोठी भांडी. पतसंस्था ३ लाख द्यायला तयार होती, दोन जामीनदार हवे होते. एक हे, दुसरे मंडळीतलेच एक पेन्शनर काका. रविवारी उपासनेनंतर चर्चच्या आवारातल्या चिंचेखाली सह्या झाल्या. मला घरी येऊन सांगितलंही नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं. मग २०२० आलं. लग्नं बंद, मंडप बंद. हप्ते थकले, खुर्च्या विकल्या गेल्या, आणि पुढे त्याचा फोन लागेनासा झाला.

आपल्याकडे अजूनही पुष्कळांना वाटतं की जामीनदार म्हणजे नुसता साक्षीदार. तसं नसतं. १८७२ चा करार कायदा आहे, त्याचं १२८ वं कलम सांगतं की जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. कर्जदाराला आधी शोधा, मग आमच्याकडे या, असं आपल्याला म्हणता येत नाही. नोटिशीत ३,१२,४०० रुपये लिहिले होते, आणि सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला घेण्याचा इशारा. तो दाखला निघाला की पगारातून कपात, पुढे जप्ती. आमच्या भागात लोक नुसतं ‘एकशेएक आली’ म्हणतात, आणि ऐकणारा गप्प होतो.

मला पैशाइतकंच लपवण्याचं दुःख झालं. पण आज विचार करते तेव्हा ह्यांना एकट्याला दोष देववत नाही. आमच्या मंडळीत आजारासाठी प्रार्थना मागता येते, नोकरीसाठी मागता येते, मुलांच्या परीक्षेसाठी तर येतेच. कर्जासाठी कुणी हात वर करत नाही. विश्वासू माणसाच्या घरात टंचाई म्हणजे विश्वासातच काहीतरी कमी, असं कुणी तोंडाने म्हणत नाही, तरी सगळ्यांना ते ऐकू येतं. ते पाकीट आलं त्याच्या आदल्या वर्षी, चर्चच्या सुगीच्या सणाला काय झालं ते मला आठवतं. लोकांनी आणलेल्या वस्तूंचा लिलाव चालू होता: अंडी, गावरान कोंबडी, ज्वारीच्या कणसांची पेंढी, एक मोठा लाल भोपळा. भोपळा शंभरावरून पाचशेवर गेला, आणि ह्यांनी अकराशे म्हटलं. टाळ्या झाल्या. भोपळा मांडीवर घेऊन मी रिक्षात बसले, तेव्हा मला अभिमानच वाटला होता. त्यांच्या डब्याच्या पिशवीत त्या दिवशी पहिली नोटीस होती.

त्याच काळात ह्यांनी मोबाइलवर एका उपदेशकाचं ऐकून ५,००० रुपये पाठवले होते. ‘विश्वासाचं बी पेरा, शंभरपट उगवेल.’ ते पैसे क्रेडिट कार्डावरून गेले होते. मला राग आला तो या गोष्टीचा, आणि तो अजून आहे. बुडणाऱ्या माणसाला असं सांगणं हे पाप आहे असं मी मानते.

पाकीट आल्यापासून तिसऱ्या रात्री मी ती नोटीस मागून घेतली. आमच्याकडे जेवणानंतर कुटुंबाची प्रार्थना असते. टेबल पुसलं, सासऱ्यांचं जुनं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, काढलं आणि त्यातल्या ‘२ राजे’ या पुस्तकाचा १९ वा अध्याय उघडला. अश्शूरच्या राजाचं धमकीचं पत्र येतं, आणि हिज्कीया राजा ते मंदिरात नेऊन परमेश्वरापुढे पसरतो. ‘पसरतो’ हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले होते, पण तो कधी करून पाहिला नव्हता. आम्ही नोटीस उघडून टेबलावर पसरली. घडीमुळे ती सारखी मिटत होती, म्हणून एका बाजूला मिठाची बरणी ठेवली, दुसऱ्या बाजूला पाण्याचा तांब्या. मग ह्यांनी ती मोठ्याने वाचली, जावक क्रमांकापासून शेवटच्या सहीपर्यंत, आकड्यांसकट. मुलगा नववीत होता. त्याने विचारलं, “पप्पा, जामीन म्हणजे काय?” ह्यांना उत्तर देता येईना. सासूबाई म्हणाल्या, “दुसऱ्याचं ओझं आपल्या डोक्यावर घेनं, बाळा. घेताना हलकं लागतं.”

प्रार्थना फार लांबली नाही. ह्यांनी देवाला रक्कम सांगितली. एवढंच. ‘प्रभू, तीन लाख बारा हजार चारशे.’ आणि रडले.

बायबलमधल्या नीतिसूत्रांच्या सहाव्या अध्यायात जामिनाविषयी लिहिलं आहे, हे मला माहीत होतं. जामीन राहू नये, एवढंच त्यातून लक्षात राहिलं होतं. त्या रात्री नीट वाचलं तर तिथे अडकलेल्या माणसाने काय करावं तेही आहे. जा, नमून विनवणी कर, डोळ्यांना झोप लागू देऊ नको, हरिण शिकाऱ्याच्या हातून सुटतं तसा सुटून ये. म्हणजे घरात बसून राहू नको. दुसऱ्या दिवशी ह्यांनी अर्धी रजा टाकली आणि आम्ही दोघं पेन्शनर काकांना घेऊन पतसंस्थेत गेलो. मॅनेजर सज्जन निघाले. त्याआधी वसुलीचा जो माणूस घरी आला होता तो सरळ आत येऊन सोफ्यावर बसला होता आणि बोलता बोलता फ्रीजकडे, टीव्हीकडे बघत होता. बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या २४ व्या अध्यायात सावकारासाठी नियम आहे: गहाण घ्यायला ऋणकोच्या घरात शिरू नको, बाहेर उभा राहा, तो आणून देईल. जातं किंवा जात्याची वरची तळी तारण घेऊ नको, तो माणसाचा जीवच गहाण घेतल्यासारखा आहे. हे वाचताना मला त्या सोफ्याची आठवण होते.

तीन खेटे झाले, संचालक मंडळापुढे अर्ज गेला, दंडव्याज माफ झालं. २,९०,००० वर तडजोड ठरली. काकांनी ९०,००० दिले, आपल्या पेन्शनीच्या ठेवीतून, आणि पुन्हा कधी त्याचा उल्लेखही केला नाही. आमच्या वाट्याला २ लाख आले. ४०,००० लगेच, मग ८,००० चे वीस हप्ते.

चाळीस हजारांसाठी सोनं तारण ठेवायचं की मोडायचं, यावर दोन दिवस गेले. तारण ठेवलं तर पुन्हा व्याज, पुन्हा एक हप्ता. मी मोडायचं म्हटलं. माहेरच्या दोन बांगड्या, मिळून दहा ग्रॅम. एक सहज निघाली. दुसरी निघेना, लग्नाला बावीस वर्षं झाली होती, हात तेवढा राहिला नव्हता. सोनाराने पोऱ्याला साबण आणायला सांगितलं. त्या पोराने माझ्या हाताला फेस लावला, अंगठा आत दाबून धरायला सांगितला, आणि हळूहळू फिरवत बांगडी काढली. मनगटावर पांढरा पट्टा राहिला होता. घट धरून ४३,२०० आले. दुकानातून बाहेर पडल्यावर ह्यांनी माझा हात धरला. नगरच्या कापड बाजारात, भर गर्दीत, असं त्यांनी कधी केलं नव्हतं.

मग वही आली. दोनशे पानी, लाल पुठ्ठ्याची. जमा, खर्च, देणे, येणे. ह्यांचे २७,०००, माझे १४,५००. मी विनाअनुदानित शाळेत शिकवते. घराचा हप्ता ११,२००, पतसंस्थेचा ८,०००, मुलीच्या हॉस्टेलचे ५,०००. मागे राहिले १७,३००. चर्चच्या अर्पणाची जुनी, छापलेली पाकिटं घरात पडून होती. त्यांवर मी पेनाने दूध, किराणा, गॅस, लाइट, औषध असं लिहिलं आणि पगाराच्या दिवशी नोटा वाटून टाकल्या. दूध एक लिटर, महिन्याचे १,८००. सासूबाईंच्या बीपी-शुगरच्या गोळ्या १,४०० च्या येत होत्या; डॉक्टरांना विचारून जनऔषधीतून घेतल्या, ५२० झाले. आधी कुणी विचारलंच नव्हतं. वाण्याची उधारीची वही बंद केली. पाकीट संपलं की संपलं.

सासूबाईंना यातलं काही नवीन नव्हतं. ७२ च्या दुष्काळात त्यांनी कडेवर पोर घेऊन रस्त्याच्या कामावर खडी फोडली आहे, लाल मिलोच्या भाकरी खाल्ल्या आहेत, सुकडीसाठी रांगेत उभ्या राहिल्या आहेत. आजही भाकरीचं पीठ परातीत घेतलं की त्यातलं मूठभर परत दुसऱ्या डब्यात टाकतात. “हे देवाचं,” म्हणतात. महिनाअखेरीला तो डबा ज्याच्याकडे कमी असेल त्याच्याकडे जातो. ऑगस्टमध्ये, पहिल्या हप्त्याच्या तयारीत, तो डबा आमच्याच चुलीशी आला. मी ओशाळले. त्या म्हणाल्या, “ज्याला कमी, त्याला. औंदा आपल्याला.”

आता दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देवाला. हे लिहू की नको, असं झालं होतं, पण कित्येक जण याच ठिकाणी अडकलेले मला माहीत आहेत. आम्ही महिन्याला ४,००० टाकत होतो. पाळकसाहेबांकडे गेले आणि सरळ विचारलं. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “बाई, लोकांचं देणं थकवून देवाला दिलेलं मला वेदीवर ठेवताना जड जाईल.” आणि मग त्यांनीच लूकच्या शुभवर्तमानातला, विधवेने दान टाकलेल्या दोन टोल्यांचा, म्हणजे दोन छोट्या नाण्यांचा भाग काढून त्याच्या आधीची वचनं वाचायला लावली. तिथे येशू शास्त्र्यांविषयी बोलतो: हे विधवांची घरं गिळतात. त्यानंतर लगेच ती विधवा येते आणि आपली सगळी उपजीविका टाकते. मी तोवर हे दोन भाग कधी जोडून वाचले नव्हते. वीस महिने आम्ही पाकिटात ५०० टाकले. दर शनिवारी हे चर्चचे बाक पुसायला जात, मी शब्बाथ शाळेचा, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या धर्मशिक्षणाचा, आणखी एक वर्ग घेतला.

प्रार्थनासभेत मी हात वर केला तो सप्टेंबरात. कर्जासाठी प्रार्थना करा, म्हटलं, आणि खाली बसले. बायबलमधल्या अलीशा संदेष्ट्याकडे आलेल्या विधवेची गोष्ट तेव्हा माझ्या मनात होती. सावकार तिचे दोन मुलगे न्यायला आलेला असतो. संदेष्टा आधी विचारतो, घरात काय आहे? आणि मग तिला शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आणायला पाठवतो, थोडीथोडकी नाही. म्हणजे गल्लीला कळणारच. तेल पुढे वाढलं, पण त्याआधी तिला दारोदार जावं लागलं. त्या सभेनंतर तिघी जणी मला वेगवेगळ्या वेळी, एकट्या गाठून, आपापल्या नोटिसांविषयी बोलल्या. एकीच्या घरी मी वही मांडून दिली. आमच्या मुलाला एका निवृत्त मास्तरांनी वर्षभर गणित फुकट शिकवलं.

शेवटचा हप्ता एप्रिल २०२४ मध्ये, ईस्टरनंतरच्या आठवड्यात भरला. पतसंस्थेने ‘बेबाकी’चा दाखला दिला. तो आम्ही त्याच टेबलावर पसरला, मिठाच्या बरणीसकट.

मित्र पुण्यात कुणाच्या तरी मंडपावर रोजाने आहे असं ऐकतो. त्याची बायको मात्र इथेच आहे, दर रविवारी येते, आमच्या दोन बाक पुढे बसते. मागे वळून बघत नाही. आमच्या मंडळीत आम्ही मराठीतून प्रभूची प्रार्थना म्हणतो तेव्हा ‘अपराध’ म्हणत नाही; जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड, असं म्हणतो. सगळी मंडळी एका सुरात म्हणते. त्या ओळीला ह्यांचा आवाज बंद होतो. पुढच्या ओळीला पुन्हा सुरू होतो. मी दोन वर्षं हे शेजारी उभी राहून ऐकते आहे. खोटं म्हणायचं नाही, म्हणून ते गप्प राहतात, हे मला कळतं.

वहीत ‘येणे’च्या पानावर एकच नाव आहे, त्यापुढे २,००,०००. गेल्या महिन्यात एका रात्री ह्यांनी माझ्याकडे लाल पेन मागितलं. वही उघडून बराच वेळ त्या पानावर बसून राहिले. मग पेन टोपण लावून परत दिलं आणि म्हणाले, “उद्या तिला विचार, मुलीची फी भरली का.”