एफयूएस केंद्रकाबाहेर दिसेपर्यंत: स्ट्रेस ग्रॅन्यूल रंगवण्याचा माझा अनुभव

आरएनएला धरणारी प्रथिनं माणसाच्या पेशींमध्ये दीड हजारांच्या घरात आहेत. आरएनए कसा छाटायचा, कुठे न्यायचा, त्यापासून प्रथिन कधी बनू द्यायचं, हे सगळं त्यांच्या हातात असतं. पेशी त्यांना अनेक मार्गांनी ताब्यात ठेवते, पण माझ्या मते सगळ्यात कडक पहारा जागेवर असतो. एफयूएस हे प्रथिन याचं उत्तम उदाहरण. त्याची 526 अमिनो आम्लं. अगदी शेवटची दोन, प्रोलिन आणि टायरोसिन, ही केंद्रकात शिरायच्या परवान्याचा भाग. ट्रान्सपोर्टिन नावाचं वाहक प्रथिन ती शेपटी धरून एफयूएसला आत नेतं. 525व्या जागी प्रोलिनऐवजी ल्युसिन आलं की पकड सुटते, प्रथिन पेशीद्रवात साठतं आणि एएलएस हा मज्जापेशींचा आजार कोवळ्या वयातच गाठतो. एफयूएसमधले बदल आणि एएलएस यांचा संबंध 2009 साली कळला.

हा फरक डोळ्यांनी पाहायचा म्हणून कोल्हापुरातल्या आमच्या छोट्या प्रयोगशाळेत मी हेला (HeLa) या प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी पेशींमध्ये जीएफपीची, म्हणजे हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाची, खूण लावलेलं साधं एफयूएस आणि पी525एल (वर सांगितलेला ल्युसिनचा बदल असलेलं) एफयूएस घातलं, पेशींना आर्सेनाइट या आर्सेनिकच्या विषारी क्षाराचा ताण दिला आणि स्ट्रेस ग्रॅन्यूल, म्हणजे ताणात पेशीद्रवात जमणारे आरएनए आणि प्रथिनांचे कण, रंगवले; त्यासाठी त्या कणांतल्या जी3बीपी1 या प्रथिनाला चिकटणारी अँटिबॉडी वापरली. लिहायला दोन ओळी. नीट बसायला बरेच आठवडे जातात.

पेशी 24 खणांच्या प्लेटमध्ये, 12 मिलिमीटरच्या गोल कव्हरस्लिपवर (पातळ काचेवर), खणाला 50 हजार, 500 मायक्रोलिटर मीडियममध्ये (पोषक द्रवात). दुसऱ्या दिवशी तळ साधारण 60 टक्के भरलेला हवा. पेशी दाटीने वाढल्या की त्यांचं पेशीद्रव आकसतं आणि कण वेगळे मोजता येत नाहीत. प्लाझ्मिड (एफयूएसचं जनुक वाहणारं डीएनएचं कडं) खणाला 250 नॅनोग्रॅम, सोबत ते पेशीत शिरवणारं 0.75 मायक्रोलिटर लिपिडचं द्रावण, पाच तासांनी मीडियम बदल. यापेक्षा जास्त प्लाझ्मिड घालायचा मोह आवरावा. एफयूएस खूप झालं की साधं रूपसुद्धा ताणाशिवाय पेशीद्रवात गोळे करतं, आणि नवखा माणूस त्यालाच रोग समजून बसतो. फोटो काढताना झगझगीत हिरव्या पेशी मी सोडून देते, मंद आणि मध्यम चमकणाऱ्याच घेते.

आता आर्सेनाइट. सोडियम आर्सेनाइटचा 50 मिलिमोलर स्टॉक म्हणजे मिलिलिटरला 6.5 मिलिग्रॅम. वजन करताना हातमोजे, मास्क आणि फ्यूम हूड, यात सूट नाही. शेवटची मात्रा 0.5 मिलिमोलर, म्हणजे 500 मायक्रोलिटरला 5 मायक्रोलिटर. पण ते थेंब थेट खणात सोडू नयेत. जिथे थेंब पडतो तिथल्या पेशी भाजून निघतात आणि बाकीच्यांना पुरेसं मिळत नाही. खणातलंच 250 मायक्रोलिटर मीडियम काढायचं, त्यात स्टॉक मिसळायचा आणि हळूच भिंतीवरून परत सोडायचं. नियंत्रणाच्या, म्हणजे तुलनेसाठी ताण न दिलेल्या, खणालाही हीच वागणूक, फक्त स्टॉकऐवजी पाणी. 37 अंशांवर 45 मिनिटं.

ताण न दिलेल्या खणात कण दिसले तर अँटिबॉडीला दोष देण्याआधी इन्क्युबेटरकडे बघावं. फ्रीजमधून काढलेलं थंड मीडियम हाही ताणच आहे. दार चार वेळा उघडलं की कार्बन डायऑक्साइड उतरतो, मीडियम जांभळ्याकडे झुकतं, तेही पेशींना सोसत नाही. देखभालीसाठी वीज जायची असेल त्या दिवशी मी हा प्रयोग लावतच नाही. इन्व्हर्टर तापमान सांभाळतो असं वाटतं, पण अर्ध्या तासाची घसरण पेशी पुढचे कित्येक तास दाखवत राहतात. डॅपी या डीएनएला निळं रंगवणाऱ्या रंगाने केंद्रकाबाहेर बारीक निळे ठिपके दिसले तर मायकोप्लाझ्मा या जीवाणूंची लागण आहे असं समजावं आणि ती खेप टाकून द्यावी.

कण तयार होतात ते असे: आर्सेनाइटमुळे एचआरआय हे कायनेज (फॉस्फेट चिकटवणारं एन्झाइम) जागं होतं आणि प्रथिननिर्मिती सुरू करून देणाऱ्या ईआयएफ2-अल्फा या प्रथिनाच्या 51व्या सेरिनवर फॉस्फेट चिकटवतं. त्याने प्रथिननिर्मितीचा आरंभ थांबतो. आधीच धावत असलेले रायबोसोम आपापलं काम संपवून उतरतात आणि उघडा पडलेला एमआरएनए (प्रथिनाचा संदेश वाहणारा आरएनए) जी3बीपी1भोवती गोळा होतो. म्हणूनच सायक्लोहेक्झिमाइड या रसायनाचं नियंत्रण इतकं मोलाचं. ते रायबोसोमला एमआरएनएवरच गोठवतं, मग एमआरएनए मोकळा होत नाही आणि कणही बनत नाहीत. मी मिलिलिटरला 50 मायक्रोग्रॅम, आर्सेनाइटच्या दहा मिनिटं आधी घालते. तरीही ठिपके राहिले तर ते स्ट्रेस ग्रॅन्यूल नव्हेत, अँटिबॉडीचा कचरा किंवा प्रथिनाचे गठ्ठे आहेत. सोबत एक खण वेस्टर्न ब्लॉटसाठी (प्रथिनं वेगळी करून अँटिबॉडीने पट्टीच्या रूपात ओळखण्याच्या चाचणीसाठी) राखावा, फॉस्फोरिलेटेड, म्हणजे फॉस्फेट चिकटलेलं, ईआयएफ2-अल्फा तपासायला. ब्लॉकिंगला (अँटिबॉडी भलतीकडे चिकटू नये म्हणून मोकळ्या जागा झाकायला) दुधाची पावडर वापरू नये, दुधातलं केसीन स्वतःच फॉस्फेटने भरलेलं असतं, बीएसए हे गाईच्या रक्तातलं प्रथिन वापरावं. लायसिस बफरमध्ये (पेशी फोडण्याच्या द्रावणात) फॉस्फेटेज, म्हणजे फॉस्फेट काढून टाकणारी एन्झाइमं, रोखणारी द्रव्यं विसरली तर पट्टी येणारच नाही आणि दिवस वाया जाईल.

वेळ झाली की हात चालवावा. मीडियम ओतून देऊन लगेच 4 टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड, 15 मिनिटं, पेशी आहेत तशा पक्क्या, म्हणजे फिक्स, करायला. फिक्स करण्याआधी धुण्यात वेळ घालवला तर कण विरघळू लागतात. मिथेनॉल टाळावं, त्याने जीएफपीची चमक मरते. मग 100 मिलिमोलर ग्लायसिन दहा मिनिटं, पेशीच्या पडद्याला छिद्रं पाडायला 0.2 टक्के ट्रायटन दहा मिनिटं, 3 टक्के बीएसए अर्धा तास. जी3बीपी1ची अँटिबॉडी 500 पटीने पातळ करून, ओलसर डब्यात रात्रभर 4 अंशांवर. पहिलीला चिकटणाऱ्या दुसऱ्या, रंगीत अँटिबॉडीचा रंग 594चा, म्हणजे लाल, घेते. जीएफपीच्या जवळचा रंग घेतला तर हिरवं लालात झिरपतं आणि दोन्ही प्रथिनं एकाच जागी असल्याचा भास होतो. एकेकाच रंगाच्या स्लाइड प्रत्येक वेळी बनवाव्यातच.

अँटिबॉडी पुण्या-मुंबईहून कुरिअरने येते. एकदा पार्सल शनिवारी संध्याकाळी इथे पोचलं आणि सोमवारपर्यंत कुणाच्या तरी गोदामात राहिलं. बर्फाच्या पिशव्या कोमट. त्या नळीने पुढे सगळीकडे धुरकट रंग दिला. तेव्हापासून मागणी सोमवारीच देते आणि आल्या आल्या 10 मायक्रोलिटरचे भाग करून ठेवते, म्हणजे पुन्हा पुन्हा गोठवणं-वितळणं टळतं. जुलै-ऑगस्टमध्ये आणखी एक अडचण. इथल्या दमट हवेत माउंटिंग मीडियम रात्रभरात वाळत नाही, कव्हरस्लिप सरकते आणि फोटो धूसर येतो. कडांना नेलपॉलिश लावून मी स्लाइड सिलिका जेलच्या डब्यात ठेवते. त्या दिवसांत ऑब्जेक्टिव्हवर बुरशी चढते, तिचे धागे फोटोत कायम राहतात. काम झालं की लेन्ससुद्धा कोरड्या डब्यात.

मोजणी सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात महत्त्वाची. स्लाइडवरच्या खुणा दुसऱ्या कुणाकडून झाकून घ्याव्यात. प्रत्येक प्रकारात किमान 100 पेशी, तीन स्वतंत्र वेळा. जी3बीपी1चे पाच किंवा जास्त कण असतील तीच पेशी होकारार्थी, असा नियम आधी लिहून ठेवते. केंद्रक आणि पेशीद्रव यांतली हिरवी चमक मोजताना डॅपीची सीमा घ्यायची, पार्श्वभूमी वजा करायची, आणि एक्स्पोजर सगळ्या स्लाइडना एकच ठेवायचं. साध्या एफयूएसच्या पेशीत केंद्रक गच्च हिरवं दिसतं आणि आर्सेनाइटनंतरही ते तसंच राहतं. बाहेर लाल कण एकटेच उभे असतात. पी525एलच्या पेशीत केंद्रक फिकट, पेशीद्रव हिरवं, आणि प्रत्येक लाल कणावर हिरवा ठिपका बसलेला. हे पहिल्यांदा स्वच्छ दिसलं तेव्हा मी बराच वेळ आयपीसवरून डोळा काढला नाही.

पण एका तासात दिसलेले हे कण म्हणजे रुग्णाच्या मेंदूतले गठ्ठे नव्हेत, हे चित्राखाली लिहावंच. आर्सेनाइट दोनदा धुऊन कोमट ताजं मीडियम दिलं की दोन-तीन तासांत कण बहुतेक विरतात. रोगातले गठ्ठे विरत नाहीत. म्हणून 60, 120 आणि 180 मिनिटांच्या सुटकेच्या स्लाइडही मी मालिकेत घालते. शिवाय जागेशिवाय इतर लगाम आहेतच. एफयूएसच्या आर्जिनिन या अमिनो आम्लांवरचं मेथिलेशन (मेथिल गट चिकटणं) ट्रान्सपोर्टिनची पकड सैल करतं, आणि तेच प्रथिनाला एकत्र गोळा होण्यापासूनही रोखतं. टीडीपी-43 हे त्याचंच भावंड म्हणावं असं प्रथिन. एएलएसच्या सुमारे 97 टक्के रुग्णांत ते केंद्रक सोडून पेशीद्रवात साठलेलं आढळतं. निरोगी पेशीत ते स्वतःच्या आरएनएला धरून स्वतःचं प्रमाण आवरतं. केंद्रकातून गेलं की हा आवरही सुटतो, आणि स्टॅथमिन-2सारख्या जनुकांच्या आरएनएमध्ये नको असलेले तुकडे शिरतात. तुमच्याकडे टीडीपी-43ची चांगली अँटिबॉडी असेल तर त्याच कव्हरस्लिपच्या जोडीच्या खणात ती लावून पाहा. खूण न लावलेलं, पेशीचं स्वतःचं प्रथिन दिसतं आणि जास्त प्रमाणाचा गोंधळ टळतो.

आर्सेनाइटचं वापरलेलं मीडियम, पहिली दोन धुणी आणि टिप्स मी झाकणाच्या वेगळ्या बाटलीत गोळा करते, त्यावर नाव आणि तारीख लिहिते, आणि ती घातक कचऱ्याच्या गाडीलाच देते. सिंकमध्ये एक थेंब नाही. शहरातलं सांडपाणी नाल्यांतून पंचगंगेकडे उतरतं.